न केलेल्या गोष्टींची वही

पत्र

ऑक्टोबर २०२०

आदरणीय सिस्टर,

गेल्या वर्षी मी जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, प्रवेश घेतला. कॉलेज मुंबईत, गाव श्रीवर्धन तालुक्यात. मार्चमध्ये कोरोनामुळे होस्टेल रिकामं करायला सांगितलं. पंधरा दिवसांत परत येऊ असं वाटलं, म्हणून युनिफॉर्म आणि अर्धी पुस्तकं तिथंच ठेवून आले. आता ऑक्टोबर उजाडला. मधे ३ जूनला निसर्ग वादळ आलं. आमची सुपारीची वाडी आडवी झाली, घराची कौलं गेली, महिनाभर वीज नव्हती. त्या महिन्याचे सगळे क्लास बुडाले.

घरात एकच स्मार्टफोन आहे, भाऊ दहावीला आहे, त्यालाही तोच लागतो. घरात रेंज नाही, सड्यावर, वरच्या उघड्या कातळावर, जावं लागतं. पाऊस असला की छत्रीखाली बसून ऐकते. कॅथेटर (लघवीची नळी), राइल्स ट्यूब (नाकातून पोटात घालायची नळी), इंजेक्शन, ड्रेसिंग, सगळं व्हिडिओवर पाहिलं. वॉर्डात मी काही आठवडेच होते. बेड मेकिंग, टीपीआर (ताप, नाडी, श्वास मोजणं) आणि स्पंजिंग (पेशंटचं अंग पुसणं) एवढंच हाताने केलंय. इंजेक्शन एकदाच, तेही डमीला.

आता मॅडमनी प्रोसिजर बुक पूर्ण करून फोटो ग्रुपवर टाकायला सांगितलेत. त्यात तारीख, पेशंट, किती वेळा केलं असे रकाने आहेत. मैत्रिणी भरतायत. मला भरवत नाही, पण मार्क जातील ही भीती आहे. गावातले लोक घरी येऊन म्हणतात, तू नर्स होतेयस ना, मग सुई मार. आईला वाटतं, मी नाही म्हटलं तर शिक्षणाचा उपयोग काय? घरातलं काम आहेच, आजी अंथरुणावर आहे, तिचं सगळं मीच बघते. तिची टाच दोन दिवसांपासून लाल दिसतेय, तेही डोक्यात आहे. रात्री अभ्यासाला बसते तर डोळे मिटतात. बाबा म्हणतात, कोरोनाच्या वॉर्डात पाठवणार असतील तर शिक्षण सोड. सीनियर आम्हाला 'ऑनलाइन बॅच' म्हणतात. मला खरंच वाटायला लागलंय की मी खोटी नर्स होणार. काय करू?

– एक विद्यार्थिनी


उत्तर

बाळ,

आधी आजीची टाच. बाकीचं मागाहून.

लाल जागेवर बोट हलकं दाब, तीन-चार सेकंद थांब आणि सोड. जागा क्षणभर फिकी पडून पुन्हा लाल झाली, तर तिथं रक्त अजून खेळतंय. दाबून सोडल्यावरही लाली जशीच्या तशी राहिली, तर ती बेडसोरची, म्हणजे पडून राहून दाबाने होणाऱ्या जखमेची, सुरुवात समज. सावळ्या कातडीवर रंग फसवतो, म्हणून दुसऱ्या टाचेला हात लावून ताडून बघ. ही जास्त गरम लागते का, टणक किंवा पिळपिळीत लागते का, आजी पाय ओढून घेते का. लाल जागा चोळायची नाही. आई तेल घेऊन बसली असेल तर तिलाही सांग, आतली कातडी आधीच दुखावलेली असते, चोळल्याने ती आणखी तुटते. कापडाची चुंबळ करून तिच्यावर टाच ठेवण्याची पद्धत घरोघर आहे, तीही नको. चुंबळीच्या कडेने दाब पडतो आणि मधल्या जागेचं रक्त अडतं. त्याऐवजी पोटरीखाली जुन्या गोधडीची घडी अशी ठेव, की टाच अधांतरी राहील आणि खालून वहीचा कागद सहज सरकेल. दर दोन तासांनी कूस बदल. दर वेळी माकडहाड, कमरेची हाडं, घोटे, कोपर, खांद्याची पाती आणि डोक्याची मागची बाजू बघ. आजीला साखरेचा आजार असेल, किंवा फोड आला, कातडी सुटली, जागा काळपट झाली, तर घरी उपाय करत बसायचं नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवायचं.

आता तुझ्या पत्राबद्दल. टाचेचं वाक्य तू शेवटाकडे, ओझ्यांच्या यादीत लिहिलंस. मी पत्र वाचताना तिथंच थांबले. घरात चार माणसं त्या खाटेजवळून जात-येत असतील, लाली तुला दिसली, आणि दोन दिवसांपासून आहे हेही तुझ्या लक्षात राहिलं. मी वॉर्डात आणि नंतर वर्गात मिळून छत्तीस वर्षं काढली. हात सफाईदार चालणाऱ्या पुष्कळ मुली पाहिल्या. चादर बदलताना टाचेकडे बघणाऱ्या कमी पाहिल्या. खोटी नर्स वगैरे शब्द तू स्वतःला लावू नकोस.

प्रोसिजर बुकचा प्रश्न मात्र खरा आहे आणि त्याचं उत्तर मी गोलमोल देणार नाही. जे केलं नाहीस ते 'केलं' म्हणून लिहू नकोस.

का, ते माझ्याच गोष्टीतून सांगते. १९८० साल. मी तुझ्यासारखीच विद्यार्थिनी, पुरुषांच्या मेडिकल वॉर्डात नाइट ड्यूटी. ४२ पेशंट आणि आम्ही दोघी मुली. पहाटे सगळ्यांचं टीपीआर घ्यायचं असायचं. टेंपरेचर घेतलं, नाडी अर्धा मिनिट मोजून दुप्पट केली, आणि श्वसनाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत २० लिहीत गेले. सगळेच तसं लिहायचे. सकाळी सहाला इन्चार्ज सिस्टर राउंडला आल्या. अकरा नंबरच्या खाटेपाशी थांबल्या, चार्ट वाचला, माणसाकडे पाहिलं, घड्याळ काढलं आणि पूर्ण एक मिनिट गप्प उभ्या राहिल्या. ३६. मला विचारलं, "मोजले होतेस?" मी म्हटलं, "हो, सिस्टर." खोटं बोलले. त्यांनी ऑक्सिजन लावायला सांगितलं, डॉक्टरांना बोलावणं धाडलं, आणि त्यांच्या हातातलं घड्याळ काढून माझ्या हातात ठेवलं. रागावल्या नाहीत. "एक नंबरपासून पुन्हा मोज," एवढंच म्हणाल्या. माझी ड्यूटी संपली होती. मी ४२ माणसांचे श्वास मोजले, प्रत्येकाचा पूर्ण मिनिट. अकरा नंबरला दुसऱ्या वॉर्डात हलवलं, पुढं त्याचं काय झालं ते मला कळलं नाही. ते न कळणं अजून माझ्यासोबत आहे.

चार्टवरचा आकडा पुढचा माणूस खरा धरून चालतो. माझे ते २० डॉक्टरांनी वाचले असते तर अकरा नंबर ठीक आहे असं समजून ते पुढं गेले असते. प्रोसिजर बुकचंही तेच. 'राइल्स ट्यूब ५ वेळा' असं तुझ्या पुस्तकात असेल, तर उद्या वॉर्डातली सिस्टर तुझ्यावर विश्वास ठेवून तुला एकटीला खाटेपाशी पाठवेल. नळी पोटात गेली की श्वासनळीत, हे व्हिडिओत दिसत नाही. पेशंटचा चेहरा निळा पडायला लागतो तेव्हा हात थांबला पाहिजे, आणि हात थांबायला तो आधी कुणाच्या तरी नजरेखाली चाललेला असावा लागतो.

तुझ्या मॅडमवर मात्र राग धरू नकोस. अभ्यासक्रम पूर्ण झाला असं त्यांनाही वर दाखवायचं असतं. या वर्षी कित्येक ट्यूटरना कोविड वॉर्डाच्या कामालाही जावं लागलंय. भांडायला जाऊ नको, विचारायला जा. एकटीने ग्रुपवर लिहिलंस तर ते आव्हान वाटेल, म्हणून आधी फोन कर. साधं विचार, "मॅडम, जे ऑनलाइन दाखवलंत त्यासमोर 'प्रात्यक्षिक पाहिले' असं तारखेसह लिहिलं तर चालेल का? प्रत्यक्ष करण्याचा रकाना कॉलेज सुरू झाल्यावर तुमच्यासमोर करून भरेन." तुझ्यासारख्याच अस्वस्थ असलेल्या आणखी दोघी-तिघी असतीलच. त्यांनीही हेच विचारलं तर मॅडमना प्राचार्यांकडे बोलायला आधार मिळेल. मार्क गेले तर? थोडे जातीलही. मी तुला जाणार नाहीत असं वचन देऊ शकत नाही. पण आजारी माणसासमोर उभं राहताना ते मार्क तुझ्या उपयोगाला येणार नाहीत, हे मला पक्कं माहीत आहे.

आणि आजच एक वही कर. साधी, दोनशे पानी. तिच्यावर लिही, 'न केलेल्या गोष्टी'. एका पानावर एक प्रोसिजर. वर नाव, खाली तू ती कुठवर जाणतेस ते खरंखरं: व्हिडिओ पाहिला, कृतीचा क्रम तोंडपाठ आहे, डमीवर केली, पेशंटवर दुसरीला करताना पाहिली, सिस्टरसमोर स्वतः केली. ज्या पायरीवर आहेस तिथं तारीख घाल. पुढच्या पायऱ्या कोऱ्या ठेव. कॉलेज उघडेल त्या दिवशी ही वही घेऊन मॅडमकडे जायचं आणि स्किल लॅबचे जादा तास मागायचे. वॉर्डात पोस्टिंग लागलं की पहिल्याच दिवशी इन्चार्जना सांगायचं, "सिस्टर, मी हे कधी केलेलं नाही, आधी दाखवाल का?" हे वाक्य ऐकून एखादी सिस्टर ओरडेलही. तरी म्हणायचं. मी इन्चार्ज असताना हे म्हणणाऱ्या मुलीची मला कधी भीती वाटली नाही. मान डोलावून ट्रॉली घेऊन जाणाऱ्यांची वाटायची.

पडद्यावर काय शिकता येतं आणि काय नाही, हे नीट वेगळं कर, म्हणजे सगळंच वाया गेलं असं वाटणार नाही. शरीररचना, सूक्ष्मजीवशास्त्र, औषधांचे गट आणि त्यांचे दुष्परिणाम हे मोबाईलवर चांगलं शिकता येतं. आमच्या वेळी मॅडम फळ्यावर एकदाच हृदय काढायच्या, तुला ते दहा वेळा थांबवून बघता येतं. पडद्यावर न येणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत. अर्धांगवायू झालेल्या माणसाला कुशीवर वळवताना त्याच्या हाताचं जे वजन लागतं ते. स्पंजिंग करताना वडिलांच्या वयाचा माणूस लाजून भिंतीकडे तोंड करतो, तेव्हा कपडा कुठवर झाकायचा आणि काय बोलायचं ते. जखमेचा वास बदललाय हे ओळखणं. बीपी मोजायच्या पट्ट्यातली हवा सोडताना स्टेथोस्कोपात पहिला ठोका येतो, तो ऐकण्याचा कान. यांतल्या काही गोष्टींची वाट पाहावीच लागेल, बऱ्याचशा तुझ्या पडवीत आजपासून होतील.

सेकंद काटा असलेलं एक साधं मनगटी घड्याळ मिळव. मोबाईल भावाकडे असणार, म्हणून घड्याळ तुझं वेगळं हवं. रोज घरातल्या प्रत्येकाची नाडी आणि श्वास मोज. श्वास मोजतेय हे सांगायचं नाही, सांगितलं की माणूस श्वास बदलतो. नाडी मोजून झाली तरी मनगट तसंच धरून ठेवायचं आणि नजर छातीवर न्यायची. पूर्ण एक मिनिट. बाबा माडावरून उतरल्यावर किती, आजी झोपेत किती, आई चुलीपाशी किती. शेजारी लहान मूल असेल तर त्याच्या पोटाकडे बघून मोज. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, आणि वर्ष ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त श्वास असतील तर ते जलद. खोकणाऱ्या मुलात ही न्यूमोनियाची खूण धरतात. या साथीत तर हा रकाना पूर्वीपेक्षा मोलाचा झालाय. कोविडच्या मोठ्या पेशंटचा श्वास शांत असताना मिनिटाला २४ वर गेला तर दुखणं मध्यम, ३० वर गेला तर गंभीर, असं सरकारी मार्गदर्शक सूचनेत धरलंय. पुष्कळांना दम लागल्याचं जाणवतही नाही. मोजणाऱ्यालाच ते कळतं.

हात धुणं तुला येतं असं तुला वाटत असेल. मलाही वाटायचं. हळदीत थोडं गोडेतेल कालवून दोन्ही हातांना चोपड, मग डोळे मिटून साबणाने ४० ते ६० सेकंद शिकवल्याप्रमाणे धू आणि डोळे उघडून बघ, पिवळं कुठं राहिलं. अंगठ्याच्या मुळाशी, नखांच्या कडेला, बोटांच्या बेचक्यात राहतं. ज्या दिवशी कुठंच राहणार नाही, त्या दिवशी वहीत तारीख घाल. हीच हळद हातमोज्यांवर लावून मोजे काढून बघ, मनगटाला डाग लागला की पुन्हा. पीपीई काढताना हेच होतं. घालताना सगळे जपतात, काढताना दमलेले असतात आणि तिथं चूक होते. बाबांचा रेनकोट, ओढणी आणि मास्क घालून काढण्याचा सराव कर. मास्क सगळ्यात शेवटी, आणि दर टप्प्याला हात धुवायचे.

निर्जंतुक पॅक उघडायला चार रुमाल एका चौकोनी फडक्यात गुंडाळ. पहिला कोपरा आपल्यापासून लांब, मग बाजूचे दोन, आपल्याकडचा शेवटी, म्हणजे उघड्या पॅकवरून हात फिरत नाही. मेडिकलमधून बिनसुईची २ आणि ५ मिलीची सिरिंज आण. पाणी ओढ, हवेचा बुडबुडा काढ, बरोबर १.५ मिली ठेव, भावाला वाचायला सांग. सुई आणू नको. घरात वापरलेली सुई टाकायची सोय नसते, आणि तुझ्याशेजारी बघून शिकवणारं कुणी नाही.

औषधाचं गणित रोज दोन तरी. ५०० मिली सलाइन ४ तासांत द्यायचंय, सेट, म्हणजे सलाइनची नळी, एका मिलीला २० थेंबांचा. ५०० गुणिले २०, भागिले २४० मिनिटं, म्हणजे मिनिटाला ४२ थेंब. आता पाण्याच्या पिंपाची तोटी अशी सोड की मिनिटाला ४२ थेंब पडतील, घड्याळ लावून. पाच-सहा दिवसांत नुसत्या नजरेला अंदाज येऊ लागेल. मात्र सगळे सेट २० थेंबांचे नसतात, पाकिटावरचा आकडा वाचायची सवय आत्तापासून लाव. तसंच मुलांच्या पॅरासिटामॉलचं. १० किलोच्या बाळाला किलोमागे १५ मिग्रॅ म्हणजे १५० मिग्रॅ. बाटलीवर ५ मिलीत १२० लिहिलं असेल तर सव्वासहा मिली, २५० असेल तर तीनच. बाटल्या दिसायला सारख्या असतात. हे फक्त वहीत सोडवायचं, द्यायचं कुणाला नाही.

यावरूनच गावातल्या सुईकडे येते. कुणालाही इंजेक्शन द्यायचं नाही. आई रागावली तरी नाही, काकांनी चिठ्ठी आणली तरी नाही. कोर्स पूर्ण होऊन महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होईपर्यंत तू विद्यार्थिनी आहेस आणि विद्यार्थिनी देखरेखीखालीच काम करते. नियम बाजूला ठेव, कारण ऐक. कमरेत दिलेली सुई जागा चुकली तर सायटिक नसेला लागते आणि चालता माणूस लंगडतो. औषधाची रिअॅक्शन आली तर काही मिनिटांत रक्तदाब कोसळतो, त्या वेळी तुझ्या पडवीत ना अॅड्रिनलिन आहे, ना ऑक्सिजन. आईला हे असंच सांग. तिला तुझ्या शिकण्याचा अभिमान आहे, तो तिला लोकांना दाखवता यावा एवढीच तिची इच्छा आहे. म्हणून 'नाही'च्या पुढं काहीतरी 'हो' असू दे. "काका, सुई नाही देता येणार, पण बसा, नाडी आणि श्वास बघते, ताप मोजते, आणि आरोग्य केंद्रात काय सांगायचं ते लिहून देते." मास्क लावून, ओटीवर, उघड्या हवेत. असं लिहिलेलं चिटोरं घेऊन माणूस डॉक्टरांपुढं गेला तर त्याला आणि डॉक्टरांना दोघांनाही सोपं जातं. चार दिवसांत गावाला कळेल की तुझ्याकडे काय मिळतं.

उपकेंद्राच्या सिस्टरबाईंना जाऊन भेट. १५ सप्टेंबरपासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'ची पथकं घरोघर फिरून ताप आणि ऑक्सिजन मोजतायत, त्यांना माणसं लागतात. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी परवानगी दिली तर त्यांच्यासोबत जा. कम्युनिटीच्या तासाला घरभेट आणि बॅग टेक्निक शिकवतील, ते तुला आशाताईंच्या मागं चालताना कळेल. बॅग जमिनीवर टेकवायची नाही, खाली कागद पसरायचा, हात धुतल्याशिवाय ती उघडायची नाही. ऑक्सिमीटर लावताना नेलपॉलिश आणि गार बोटं बघ. श्रीवर्धनच्या पावसात गार बोटांवर आकडा चुकीचा येतो. बोट चोळून ऊब आण, आकडा स्थिर होईपर्यंत थांब, मग लिही. वाडी मोडलेल्या घरांत गेलीस की माणसं तापाआधी वादळाचं बोलतील. बोलू दे. तेही ऐकायचं असतं.

आता घरातलं. हे मी तुझ्या आईबाबांनी वाचावं म्हणून लिहिते. मुलगी घरी आहे याचा अर्थ ती मोकळी आहे असा होत नाही. होस्टेलला असती तर सकाळी सातला ड्यूटीवर उभी असती. रोज तीन तास तिचे, ठरलेल्या वेळी, मधे हाक न मारता, एवढं द्या. दहावीतल्या मुलाला आजीची कूस बदलायला शिकवा, त्याचे हात मोडणार नाहीत. बाळ, तूच शिकव त्याला. एखादी गोष्ट दुसऱ्याला दाखवली की आपण कुठं अडतो ते लगेच कळतं.

मोबाईलची वाटणी कागदावर लिहून भिंतीला लाव. लाइव्ह क्लास तुला रोज जमणार नाही, हे मॅडमना आधीच सांगून ठेव आणि ऑडिओ व नोट्सच्या पीडीएफ मागून घे. व्हिडिओपेक्षा त्या फार कमी डेटात येतात. सकाळी सड्यावर जाऊन उतरवून घ्यायच्या, वाचायच्या घरी. विजा चमकत असतील तर सड्यावर पाऊल ठेवायचं नाही, क्लास बुडला तर बुडला. उघड्या सड्यावर उंच काही नसतं, तूच असतेस.

एक गोष्ट मात्र रोज कर. रात्री एका मैत्रिणीला साधा फोन लाव आणि आजीची ओव्हर दे, वॉर्डात पाळी बदलताना देतात तशी. वय, काय झालंय, आज टीपीआर किती, काय खाल्लं, लघवी किती वेळा, कूस कधी बदलली, टाच कशी आहे, रात्री काय बघायचं. तीन मिनिटांत. मैत्रिणीने प्रश्न विचारायचे. मग तिने तिच्या घरच्या कुणाची द्यायची. मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवूनही मुलींना ओव्हर द्यायला भीती वाटायची, कारण वॉर्डात ती सगळ्यांसमोर द्यावी लागते. फोनवर ती भीती नाही. मार्चनंतर तुझी-तिची बोलाचाली नुसती 'जेवलीस का' एवढ्यावर आली असेल, तर याने तेही सुधारेल.

बाबांचं भय मला कळतं आणि मी ते खोटं ठरवणार नाही. या साथीत नर्स आजारी पडल्यात, काही गेल्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० हे नर्स आणि मिडवाइफचं वर्ष म्हणून आधीच जाहीर केलं होतं. त्याच वर्षी मार्चमध्ये लोकांनी थाळ्या वाजवल्या आणि त्यानंतर काही घरमालकांनी नर्सना खोल्या सोडायला सांगितल्या. मला याचा संताप आहे. म्हणून 'सेवा आहे, घाबरू नको' असं मी तुला म्हणणार नाही. घाबर आणि प्रश्न विचार. विद्यार्थ्यांना कोविड वॉर्डात लावणार का, लावलं तर कुणाच्या देखरेखीखाली, पीपीई कोण देणार, ड्यूटी किती तासांची, त्यानंतर राहायची सोय कुठं, आजारी पडलो तर उपचार कोण करणार. हे प्रश्न बाबांनी पालक म्हणून कॉलेजला लेखी विचारावेत. उत्तरं आल्यावर तिघांनी बसून ठरवा. सोडायचं असेल तर उत्तरं वाचून सोड, बातम्या ऐकून नको. माझ्या मते सोडू नयेस. पण जायचं तुला आहे.

सीनियर 'ऑनलाइन बॅच' म्हणतात ते कानाआड कर. किंवा त्यांच्यातल्याच एकीला फोन करून विचार की तिने पहिल्यांदा कॅथेटर घातला तेव्हा काय झालं होतं. सांगेल ती, आणि चिडवायचं थांबेल.

होस्टेलमधला युनिफॉर्म कुणाला तरी सांगून उन्हात टाकायला लाव. सहा-सात महिने बंद खोलीत, मुंबईच्या पावसात, त्याला बुरशी लागली असेल.

आणि आजीची टाच रविवारी कशी आहे ते कळव. नुसतं 'बरी आहे' असं लिहू नको. दाबल्यावर रंग गेला का, किती सेकंदांनी परत आला, दुसऱ्या टाचेपेक्षा गरम लागते का, आणि गोधडीची घडी रात्रभर जागेवर राहते की सरकते, ते लिही.

तुझी,
सिस्टर